तोडाईची बाई

नांदगाव पेठ,
९ डिसेंबर २०२४

ती. रागिणीताईस,
चंदनचा सा. न.

तुम्ही माझा नंबर ब्लॉक केलेला दिसतो, म्हणून हे पत्र रजिस्टरने पाठवतो आहे. राग आला असेल तरी आधी पूर्ण वाचा, मग हवं तर फाडा. आईला या पत्राची कल्पना नाही. ती वावरात झेंडूची वाळलेली झाडं उपटते आहे. दिवाळीनंतर ते काम काका करायचे.

चावडीवर वारसांची नोटीस लागली आहे. काकांच्या नावापुढे 'मयत' आणि खाली दोन नावं. पार्बताबाई, पत्नी. रागिणी, मुलगी. त्यात चूक काहीच नाही. मोठ्या बाई तुम्हाला कडेवर घेऊन अकोल्याला माहेरी गेल्या आणि परत आल्या नाहीत, पण सोडचिठ्ठी ना त्यांनी मागितली ना काकांनी दिली. पुढे काही वर्षांनी माझी विधवा आई मला घेऊन या वावरात फुलं तोडायला आली. ती मजुरीने आली, हे मी नाकारत नाही. पण ती नंतर गेली नाही, तेही तितकंच खरं आहे. बावीस वर्षं झाली. मला दुसरं घर आठवतच नाही.

वकिलांना भेटून आलो. ते म्हणाले, लग्न नाही, मृत्युपत्र नाही, आणि पहिली बायको हयात. जमुनाबाईंना, म्हणजे आईला, वारसा मिळणार नाही. त्यांनी हे चहा पिता पिता सांगितलं, आणि मला मात्र कप खाली ठेवता येईना.

ताई, मी वावर मागत नाही. वावर तुमचं आहे. विहिरीजवळच्या दोन खोल्या आणि पुढचा गुलाबाचा वाफा, एवढ्यात आईला मरेपर्यंत राहू द्या, आणि ते कागदावर लिहून द्या. तोंडी नको. तोंडी काकांनीही पुष्कळ सांगितलं होतं.

तुम्हाला आठवत असेल, काका गेले त्या दिवशी तिरडी बांधून तयार होती आणि आईने ती उचलू दिली नाही. शेजारचे किसनराव म्हणाले, "जमुना, ऊन चढून राह्यलं. कोनाची वाट पाह्यतं?" आई म्हणाली, "मोठी बाई येऊ द्या. तिचा मान हाय." अकोल्याहून तुमची गाडी येईपर्यंत लोक लिंबाखाली बसून कुरकुरत होते. मग मोठ्या बाईंच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. तो पाटा आणि वरवंटा आईनेच घरातून आणून दिला आणि ती मागे बायकांत जाऊन उभी राहिली. तुम्ही तेव्हा तिच्याकडे पाहिलं होतं. मला वाटलं, तुम्हाला कळलं.

दर भाऊबीजेला तुम्ही काकांना भेटायला यायचात तेव्हा मलाही ओवाळायचात. यंदा सुतक होतं, म्हणून मी वाट पाहिली नाही. थोडी पाहिली.

आणखी एक सांगायचं राहिलं. नोटिशीवर मी हरकत नोंदवली आहे. मुदत संपत होती आणि वकिलांनी सही घेतली. तुमच्याविरुद्ध म्हणून केलेलं नाही. तुम्ही कागद लिहून दिला तर मी दुसऱ्या दिवशी हरकत मागे घेईन.

त्या दिवशी तुम्ही मला बाजूला घेऊन विचारलं होतं, बाबा शेवटी काही बोलले का. तेव्हा लोक होते. ते बोलले होते. पहाटे आई त्यांचे पाय चोळत होती आणि मी उशाशी होतो. काय बोलले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. तुम्ही आल्यावर समोर बसून सांगीन.

तुमचा भाऊ,
चंदन

—

नांदगाव पेठ,
१७ जानेवारी २०२५

ती. रागिणीताई,
सा. न.

पत्राचं उत्तर आलं नाही. पोचपावती आली, त्यावर तुमची सही आहे.

काल मंडळ अधिकाऱ्यांसमोर सुनावणी झाली. तुम्ही आला नाहीत, अनुप भाऊजी मोठ्या बाईंना घेऊन आले होते. हरकत फेटाळली, हा निकाल त्यांनी तुम्हाला सांगितला असेल. तो कसा लागला ते सांगितलं नसेल, म्हणून लिहितो.

आईला मी आठवडाभर समजावलं होतं. साहेबांनी विचारलं की मी त्यांची बायको म्हणूनच राहिले असं सांग, यात खोटं काय आहे. ती हो म्हणाली होती. साहेबांनी विचारलं, "बाई, मयताची बायको कोण?"

आई म्हणाली, "मोठी बाई. अकोल्याची."

"आणि तुम्ही?"

"मी घरची."

"घरची म्हणजे?"

"घरची म्हंजे घरची, साहेब. आता अजून काय सांगू?"

साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी पेन खाली ठेवून किसनरावांना विचारलं. आमच्या बांधाला त्यांचा बांध आहे. काकांनी आणि त्यांनी एका विहिरीवरून पाणी घेतलं, आई त्यांच्या सुनेच्या बाळंतपणाला जाऊन बसली होती. किसनराव छताकडे पाहत म्हणाले, "बाई तोडाईले आली होती. मंग राह्यली. आमी कोनाच्या घरात डोकावून पाह्यत नाई."

तेव्हा भाऊजी उठले. ते काय म्हणाले ते जसंच्या तसं लिहितो, म्हणजे तुम्हाला तुमच्या नवऱ्याची हुशारी कळेल. "साहेब, एकच पाहा. माझ्या सासूबाईंचे हात पाहा आणि या बाईचे हात पाहा. नवरा मेलेली बाई हिरव्या बांगड्या भरून सरकारी हापिसात येते का?"

सगळ्यांनी आईच्या हातांकडे पाहिलं. तिने पदराखाली हात घेतले आणि मग, कोण जाणे का, परत बाहेर काढून मांडीवर ठेवले. साहेबांनी ते लिहून घेतलं. किसनराव म्हणाले, "हे मातर खरं हाय." बाहेर आल्यावर वकील माझ्यावर चिडले. "एवढी साधी गोष्ट मले सांगाची नाई? काढून नसत्या आनल्या?"

ऑटोत मी तिला विचारलं, "माय, कावून नाई काढल्या?"

"कायच्यासाठी काढू?"

"काका गेले म्हणून."

"फोडाचा मान मोठ्या बाईले देल्ला ना मी. एका मानसाच्या नावानं दोघी दोघी बांगड्या फोडतीन तं लोकं मयतावर हासतीन. त्यायचं हासू करू काय?"

"मग ह्या कोणाच्या नावाच्या?"

"त्यायनं बहिरमच्या जत्रेत भरून देल्ल्या. देनारा गेला म्हून देल्लेलं कोनी परत करते का?"

ऑटोवाल्याने आरशातून पाहिलं आणि रेडिओचा आवाज वाढवला.

ताई, तुमच्या आईला त्या दिवशी बोलावणं पाठवलं नसतं, तर या गावात विधवा म्हणून माझीच आई उभी राहिली असती आणि किसनरावांच्या तोंडून दुसरं काही निघालंच नसतं. तिने तुमच्या आईला मान दिला. तुम्ही तो मान पुरावा म्हणून लावला.

लहानपणी मी एकदा काकांना 'बाबा' म्हणालो होतो. आईने माझा कान धरला. म्हणाली, तो शब्द रागिणीचा आहे, तू काका म्हण. मी आयुष्यभर काका म्हणालो. असं एकेक करून तिने सगळं तुमचं तुमच्यासाठी जपून ठेवलं, म्हणून आज तुमच्याकडे ते आहे.

मागच्या पत्रात जे सांगीन म्हणालो होतो, ते सध्या राहू दे.

चंदन

—

नांदगाव पेठ,
२० फेब्रुवारी २०२५

रागिणीताई,
नमस्कार.

तुम्ही नंबर चालू केला आणि मेसेज पाठवला, आभारी आहे. मी मात्र पत्रच लिहितो. मोबाइलवर मला घाई होते आणि घाईत मी नको ते लिहितो.

भाऊजींनी दिलेला कागद मी वाचला. त्यात लिहिलं आहे की जमुनाबाई या मयत देवमन यांच्या शेतात मजूर म्हणून कामास होत्या, मालकाच्या परवानगीने शेतातल्या खोलीत राहत होत्या, मयताशी त्यांचं अन्य कोणतंही नातं नव्हतं, आणि त्या पुढे कोणताही हक्क सांगणार नाहीत. यावर आईने सही करायची. मग तुम्ही तिला हयातभर खोलीत राहू द्याल.

तुम्ही लिहिलं, "माझ्या आईने सगळं आयुष्य एका माणसाच्या नावाचं मंगळसूत्र घालून भावांच्या घरी भांडी घासली. तिच्या वाट्याला फक्त बांगड्या फोडणं आलं. तुझ्या आईने संसार केला. आता एका शब्दासाठी रडू नकोस."

खोटं नाही ते. मोठ्या बाईंवर अन्याय झाला असेल तर तो काकांनी केला, तुमच्या मामांनी केला. माझ्या आईने केला असेल तर तोही मी मान्य करतो. पण त्याची भरपाई म्हणून तिने काय द्यायचं? घर तुम्हाला मिळालं आहे. वावर मिळालं आहे. आता तुम्ही ती वर्षंही मागता आहात. ती घेऊन मोठ्या बाई करणार काय? त्यांना काही ती जगता येणार नाहीत.

तुम्हाला ठाऊक नसलेली एक गोष्ट सांगतो. काका मृत्युपत्र करायला गेले होते. मागच्या उन्हाळ्यात, मला बरोबर घेऊन, तहसीलला. धुतलेला सदरा घालून. बाहेर झाडाखाली अर्ज लिहिणारे बसतात, त्यातल्या एकाने लिहायला घेतलं. नाव झालं, वय झालं. मग त्याने विचारलं, "बाई तुमची कोन लागते?"

काका म्हणाले, "लिवा ना, घरची."

"घरची म्हंजे बायको?"

"बायको अकोल्याले हाय."

"मंग हे कोन? काय लिवू? मोलकरीन लिवू?"

बाकावर बसलेला एक म्हातारा म्हणाला, "अबे, लिव ना 'खास'. समजदाराले समजते." सगळे हसले. वाईट मनाने हसले असं नाही, दुपारची वेळ, उकाडा, कोणालाही हसू आलं असतं. काका पण थोडे हसले. मग पिशवी उचलून म्हणाले, "उद्या येतो." वाटेत त्यांनी आईसाठी टरबूज घेतलं आणि घरी सांगितलं, साहेब नव्हते. नंतर मी दोनदा आठवण केली. ते म्हणाले, "मी मेल्यावरचं तुले आत्ताच कावून लागते बे?" त्यानंतर मी विषय काढला नाही. वकील आता सांगतात की मृत्युपत्रात नातं लिहिलंच पाहिजे असं काही नसतं, नाव पुरतं. झाडाखाली तेव्हा हे कोणी सांगितलं नाही.

सुनावणीत आईने तोच शब्द वापरला, 'घरची'. काका तो तहसीलला म्हणाले होते, हे तिला माहीत नाही. मी अजून तिला सांगितलेलं नाही.

म्हणून विनंती. 'मजूर' हा शब्द काढा. त्याऐवजी काहीही लिहा. 'शेतातल्या घरात राहणारी बाई' लिहा. नुसतं 'जमुनाबाई' लिहा. 'अन्य कोणतंही नातं नव्हतं' ही ओळ गाळा. हक्क सोडल्याचं ती लिहून देईल, वर्षं सोडल्याचं मागू नका.

तुम्ही मेसेजच्या शेवटी विचारलं आहे, बाबा काय बोलले ते आधी सांग. ताई, आधी तो शब्द काढा. मला माहीत आहे की ही सौदेबाजी आहे. माझ्याकडे दुसरं काहीच नाही.

चंदन

—

नांदगाव पेठ,
११ मार्च २०२५

रागिणीताई,

कागद सोबत आहे. आईची सही आहे, साक्षीदार म्हणून किसनराव आणि माझी.

तुम्ही भाऊजींकडून निरोप पाठवला की 'हयातभर' ठेवायचं असेल तर 'मजूर' राहील आणि 'मजूर' काढायचं असेल तर 'हयातभर' निघेल, दोन्ही मिळणार नाही. भाऊजी म्हणाले की उद्या तुझ्या आईने कोर्टात जाऊन बायकोसारखी राहिले असं म्हटलं तर आम्ही काय करायचं. हिशोब बरोबर आहे त्यांचा. मी त्यांच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं, असं म्हणणार होतो, पण नसतं केलं.

मी आईला सही करू नको म्हणालो. नांदगाव पेठच्या कापड कारखान्यात मला काम आहे, अमरावतीत एक खोली भाड्याने घेऊ, तू फुलबाजारात हार गुंफ, तुझ्यासारखे हार कोण करतं. ती शेवंतीच्या वाफ्यात बसून जुन्या झाडांच्या बुडाचे फुटवे सोडवत होती. पुढच्या हंगामाची रोपं त्याच्यातूनच होतात, ते तुम्हाला माहीत नसेल.

मी तिला पूर्ण कागद वाचून दाखवला. एकही शब्द गाळला नाही. तिला वाचता येत नाही, सहीपुरतं येतं, ते काकांनी शिकवलं. माझ्या मनात आलं होतं की ती ओळ वाचूच नये. ते माझ्याच्याने झालं नाही.

ती म्हणाली, "नातं नोतं, असं लिवलं?"

"हो."

"मंग बावीस वर्साची मजुरी मांग ना त्यायले." आणि हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. मग हाताची माती झटकून म्हणाली, "आन पेन."

"माय, विचार कर."

"कायचा विचार? मजूर म्हून आली, मजूर म्हून राहीन. मधातलं कोनाले सांगाचं काम नाई. ते त्यायनं मले देल्लं, तहसीलदारानं नाई देल्लं."

किसनराव सही करताना म्हणाले, "जमुना, मनात ठेवू नको वो. मी तं खरं तेच सांगतलं." आई म्हणाली, "नाई ठेवत, भाऊ. मजुरानं काय मनात ठेवाचं?" ते चहा न घेताच गेले.

हरकत फेटाळली त्यावर अपील करणार नाही, असंही लिहून दिलं आहे. तुमच्या दोघींची नावं सातबाऱ्यावर चढतील. अभिनंदन म्हणायचं असतं की नाही, मला माहीत नाही.

तुम्ही विचारलेलं आता सांगायला हरकत नाही. सौदा मोडला, तर मी ते धरून तरी काय करू? तुम्ही वावर पाहायला याल तेव्हा या, सांगतो.

चंदन

—

नांदगाव पेठ,
२२ एप्रिल २०२५

सौ. रागिणी मॅडम यांस,
नमस्कार.

"आई काल तिकडून आली ती रडतच आली, तुम्ही लोकांनी तिला काय म्हटलं?" असा तुमचा मेसेज मिळाला. कोणी काही वावगं म्हटलेलं नाही. झालं ते लिहितो.

मोठ्या बाई आणि अनुपसाहेब सकाळीच आले. साहेबांबरोबर एक माणूस होता, तो मोबाइल धरून बांधाबांधाने फिरत होता. रस्त्याकडच्या बाजूला किती प्लॉट पडतात ते बोलणं चाललं होतं. ते मला ऐकू यावं अशी त्यांची इच्छा नव्हती आणि ऐकू येऊ नये अशीही नव्हती.

मोठ्या बाई उन्हातून चालत गुलाबाच्या वाफ्यापाशी आल्या. आई फुलं तोडत होती. तिने ओटा झाडून दिला, पाणी दिलं, आणि स्वतः खाली बसली. आधी ती अशी बसली नसती. मी दारात फुलांचे कॅरेट भरत होतो.

मोठ्या बाई बराच वेळ घराकडे पाहत होत्या. काकांचा सदरा अजून खुंटीला आहे. मग त्या हळूच म्हणाल्या, "जमुना, एक इचारू? त्यायले शेवटी लय तरास झाला का?"

आई टोपलीतली फुलं सारखी करत राहिली.

"काई बोल्ले का वो? माह्यं नाव काडलं का? रागिणी बी इचारते. आमाले कोनीच काई सांगतलं नाई. मी आली तं तोंड झाकेल होतं."

त्यांचा आवाज फार बारीक झाला होता. मला वाटलं, आता आई सांगेल. तिचा स्वभाव मला माहीत आहे, ती हातातलं देऊन टाकते. ती उठली, टोपली कमरेवर घेतली. बांगड्या वाजल्या, आणि मोठ्या बाईंनी त्या हातांकडे पाहिलं.

आई म्हणाली, "बाई, मी तं तोडाईची बाई. मालकाचं मले काय मालूम?"

आणि ती पुढच्या ओळीत जाऊन फुलं तोडायला लागली. आवाज चढवला नाही, तोंड वेडंवाकडं केलं नाही. मोठ्या बाई तशाच बसून राहिल्या. साहेबांनी हॉर्न वाजवला तेव्हा उठल्या. एवढंच झालं.

गाडी गेल्यावर मी आईला म्हणालो, सांगायला पाहिजे होतं, म्हातारं माणूस आहे. ती म्हणाली, "सही करून देल्ली ना मी. आता खोटं पडू काय?" रात्री ती जेवली नाही. तुमच्या आईचं वाईट तिलाही वाटलं, हे मी तुम्हाला सांगतो. ती सांगणार नाही.

आता माझ्याकडचं. मी तुम्हाला शब्द दिला होता की तुम्ही आलात की सांगीन. तुम्ही आला नाहीत, वावर मोजायला माणूस पाठवला. तरी रात्री मी ते लिहायला बसलो होतो. लिहिलंही. सकाळी तुमचा कागद काढून परत वाचला. मयताशी अन्य कोणतंही नातं नव्हतं, या ओळीखाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे. ज्याच्याशी आमचं काही नातं नव्हतं त्या माणसाच्या उशाशी मी त्या पहाटे काय करत होतो, हे मला तुमच्या कागदावरून सांगता आलं नाही. म्हणून लिहिलेलं चुलीत घातलं.

एवढंच कळवतो की ते बोलले, शुद्धीत बोलले, आणि त्यात तुमचं नाव होतं. पुढचं घरच्यांना विचारायचं असतं. मी मजुराचा मुलगा आहे.

आपला,
चंदन